शेजारचा तारा

"तुझे डोळे दे गो जरा," म्हणत काका डबा बाजूला सारायचे आणि स्वतःची खुर्ची मला द्यायचे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या छपाईच्या कारखान्यात, भर दुपारी दीड वाजता आम्ही तारे बघायचो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या टेबलाशी गेलं की घड्याळ विसरायला होतं. औषधांच्या खोक्यांचे दोन नमुने शेजारी ठेवून फरक शोधायचा, हे काकांचं काम. निर्दोष नमुन्यावर ते हिरव्या शाईने 'पास' लिहायचे. जेवणाच्या सुट्टीत काम तेच, फक्त खोक्यांच्या जागी आकाश. जुन्या दुर्बिणींतून काढलेले फोटो इंटरनेटवर असतात. एकाच जागेचे दोन फोटो आलटून पालटून बघायचे आणि कुठला ठिपका लहानमोठा होतो ते टिपायचं. त्या फोटोंत, निगेटिव्हसारखं, आकाश पांढरं आणि तारे काळे, पिठावर तीळ सांडल्यासारखे. बघता बघता यंत्रांची घरघर कुठेतरी लांब जायची.

दिंडोशीला त्यांच्या गच्चीवरून चार तारेही धड दिसत नसत. "हयसर ढग नाय, मच्छर नाय. ह्याच आकाश बरा," म्हणायचे.

एका ताऱ्यावर त्यांचा भारी जीव. खगोल संस्थेच्या यादीत तो 'संशयित' होता, म्हणजे तेज बदलतं अशी शंका, पण पुरावा नाही. तो पुरावा आपण द्यावा आणि त्याच्यापुढे आपलं नाव लागावं, एवढीच हौस. गिरणी कामगाराच्या मुलाचं नाव, थेट आभाळात! तेज न बदलणारा म्हणून धरलेल्या शेजारच्या एका ताऱ्याशी ताडून बघत त्यांनी वर्षभरात दोन वह्या भरल्या.

वह्या संस्थेला पाठवायच्या आदल्या दिवशी मला बसवलं. "मी सांगतंय म्हणून नको. दिसता ता सांग."

मला भलतंच दिसलं. आजूबाजूच्या ताऱ्यांशी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं.

"काका, तुमचा तारा आहे तसाच आहे हो. शेजारचाच कमीजास्त होतोय."

काकांनी खुर्ची ओढून स्वतः पुन्हा बघितलं. मग इतके हसले की ठसका लागला. "चोराच्याच हातात किल्ल्या दिलंय गो मी!"

संशयित निर्दोष ठरला, म्हणून त्यांनी दोन्ही वह्यांवर हिरव्या शाईने 'पास' लिहिलं. मला फार वाईट वाटलं. तोंड बंद ठेवलं असतं तर, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ताऱ्याची नवी वही निघाली. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं माझं नाव. खाली बारीक अक्षरात स्वतःचं, पुढे 'तपासनीस'. मी भांडले. "दिसला कोणाक?" एवढंच म्हणाले.

वही अर्धी झाली आणि काका गेले. झोपेतच गेले म्हणे. उरलेली पानं मी भरली, कधी डोळे पुसत. पाठवताना मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचं नाव वर लिहिलं.

तारा खरोखरच बदलतो, दोन्ही नावं नोंदवली, असं उत्तर आलं तेव्हा दीड वाजला होता. काकांची खुर्ची मोकळी होती. मी उभ्यानेच वाचलं.