गोपद्मांच्या वह्या

आमच्याकडे जीर्ण झालेली पोथी रद्दीत घालत नाहीत. पाने सुटली, अक्षरे पुसट झाली, की ती लाल वस्त्रात बांधून, हळदकुंकू वाहून गंगेत सोडायची. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पंचवटीतील पाठशाळेत संस्कृत शिकवीत असताना असे कितीतरी गठ्ठे मी स्वतःच्या हातांनी प्रवाहाच्या स्वाधीन केले. त्याचे कधी दुःख झाले नाही. पोथी गेली तरी ग्रंथ कोणाच्या ना कोणाच्या कंठात असतोच, हा भरवसा होता.

मार्गशीर्षात पत्नी गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी तिचे कपाट आवरावयास घेतले. साड्या तिच्या बहिणींना दिल्या. खालच्या कप्प्यात गणिताच्या, चौकटींच्या अकरा वह्या निघाल्या. चातुर्मासात ती रोज दारात तेहतीस गोपद्मे काढी. गाईच्या पावलांची ती रांगोळी. व्रताचे उद्यापन कधीच होऊन गेले होते, तरी तिने ती सोडली नव्हती. गोपद्मांभोवती कोणती वेल घ्यायची, कमळे किती पाकळ्यांची, हे ती आदल्या दुपारी वहीत ठरवी. पानोपानी शंख, चक्र, लक्ष्मीची पावले. असे कागद रद्दीच्या तराजूत पडू देणे माझ्या मनाला पटेना. एकादशीला स्नान करून मी त्या वह्या लाल वस्त्रात बांधल्या, गंगापूर रोडवरून रिक्षाने घाटावर गेलो आणि पोथीप्रमाणेच त्या सोडल्या. कर्तव्य केल्याचे समाधान घेऊन घरी परतलो.

आमची एकुलती कन्या तोपर्यंत जयपूरला परत गेली होती. ओझरच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्याची स्थिर नोकरी सोडून ती कापडावरील नक्षीकडे वळली होती. त्या विद्येला सरफेस पॅटर्न डिझाइन म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळले.

"म्हणजे चादरीवर फुले काढायची," नोकरी सोडली त्या दिवशी मी म्हणालो होतो.

"चादरीवर, भिंतीच्या कागदावर, वहीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा. यावर लोकांची घरं चालतात, बाबा."

"आणि हे तुला सुचले कोठून?"

"आईकडून. एकच तुकडा चारी बाजूंनी स्वतःलाच जोडायचा, सांधा दिसू द्यायचा नाही. मी फी भरून शिकले ते ही दारात कधीपासून करतेय."

पत्नी ताटे पुसत होती. "त्यांना काय सांगतेस? चाळीस वर्षं रोज तिथूनच जातायत. पाय बरोबर जागेवर पडतो, नजर मात्र आभाळात."

आम्ही तिघेही हसलो होतो.

माघात कन्या आली. बॅगेतून सुती कापड काढून तिने पलंगावर पसरले. आजारपणापूर्वी आईने मोबाइलवर पाठवलेल्या एका पानावरून ते छापून घेतले होते. निळ्या कापडावर पांढरी गोपद्मे आणि त्यांना वेढणारी वेल. एक तुकडा कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, ते शोधूनही सापडेना.

"जयपूरच्या आमच्या स्टुडिओला आवडलंय. अख्खी मालिका करायची म्हणतात, आईच्या नावानं. आमचं दोघींचं ठरलंच होतं, तुम्हाला एकदम दाखवणार होतो. वह्या कुठे हलवल्यात? कपाटात दिसत नाहीत."

मी सांगितले.

ती बराच वेळ कापडाची कड बोटांनी सरळ करीत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या?"

"सगळ्या."

"पोथीसारख्या?"

"हो."

"मग आदरानंच केलंत." तिने कापडाची घडी घालावयास घेतली, ती तिला नीट घालता येईना.

तिने मला दोष दिला असता तर ते सोसणे सोपे गेले असते.

सायंकाळी तिने एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. "बाबा, तुमचं एवढं पाठांतर. आईची एखादी तरी रांगोळी आठवते का बघा."

मी पेन्सिल हाती धरली. अवघे व्याकरण मला आजही मुखोद्गत आहे. दारातील एक वेल आठवेना. पहाटे मनात पाठ घोळवीत मी घराबाहेर पडे. रांगोळी मोडू नये, एवढेच मला सांभाळावयाचे असे. तिच्या विद्येला कंठ नव्हता. होती ती त्या अकरा वह्यांत.

पेन्सिल ठेवून मी पुन्हा कापडाकडे पाहिले. ठरावीक अंतरावर एक लहानशी कळी येत होती.

"ही कळी तिचीच का?"

"नाही, माझी. पानावर तिथं जागा मोकळी होती. मला वाटलं चुकून राहिली. जोडताना भोक दिसायला लागलं, म्हणून भरली."

"चुकून नव्हे," मी म्हणालो. "उंबऱ्याला लागून तेवढी जागा ती रोज सोडी. माझा उजवा पाय तेथे पडे."

कन्येने त्या कळीवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती बसून राहिली. नंतर डोळे पुसून म्हणाली, "हे आठवलं ना? आणखी आठवेल. सावकाश आठवा."

आता ती महिन्याकाठी येते आणि तीच वही उघडून माझ्याशेजारी बसते. पहिल्या पानावर उंबऱ्याची एक रेघ आहे, आणि तिला लागून माझ्या पावलाएवढी मोकळी जागा. तिच्या भोवती काय होते, ते मला अद्याप सांगता आलेले नाही.