सत्यभामाबाईंची अक्कलहुशारी

दुसरबीडच्या शिवारात सत्यभामाबाईंची विहीर आहे. बावन्न फूट. आम्ही चौघांनी ती खोदली. पंचेचाळीस फुटांवर पाणी लागलं, तेव्हा आम्ही हत्यारं धुवून ठेवली. बाईंनी वरून वाकून पाहिलं.

"झालं?"

"पानी लागलं ना."

"ठरलं किती होतं?"

"बावन्न."

"मंग उरलेले सात फूट कोन खोदन, पानी?"

खोदले. त्या सात फुटांत मी बाईंना जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या, ही आटली नाही. तेव्हापासून मी बाईंना मान देतो आणि त्या मला कामचुकार म्हणतात.

बाईंचे मालक वारले. मूलबाळ नाही. शेत दीड एकर, त्यातल्या वीस गुंठ्यांवर शेडनेट. आत मिरची, पण खायची नाही. एका कंपनीसाठी बियाण्याची. हे काम ज्यानं केलं नाही त्याला सोपं वाटतं. कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग लावायचे आणि देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा म्हणजे काम झालं, आता हात लावू नका. फळ लाल झालं की धाग्याचंच तोडायचं. बिनधाग्याची फळं मिसळली तर बियाणं भेसळीचं ठरतं आणि कंपनी सगळा माल परत करते. बाईंचा माल कधी परत आला नाही.

तीन वर्षांपूर्वी माघात बाईंची झोप उडाली. पहिले दोन दिवस आम्ही कौतुक केलं, कारण त्या एकट्या तिघींचं काम करत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी शेळ्यांना धागे बांधले. सहाव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या नळाला, सरपंचांच्या मोटारसायकलीला आणि थांब्यावर उभ्या एसटीच्या वायपरला. "हे झालं. याले कोनी हात लावू नका." कंडक्टरनं विचारलं, "मावशी, मंग गाडी इथंच ठिवू का?" सगळे हसले. मीही हसलो. नवव्या दिवशी बाई हमरस्त्यावर धावत्या ट्रकांना धागे बांधायला गेल्या. तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यांचा पुतण्या दीपक आणि मी, दोघांनी त्यांना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. दवाखान्यात मानसिक आजारांचा वॉर्ड आहे. नातेवाईक म्हणून दीपकनं फॉर्मवर लिहून दिलं: बाईंना काही समजत नाही, भरती करून घ्या. त्या दिवशी ते खरं होतं. मीही मान हलवली.

दीपक वाईट माणूस नाही. आळशी आहे. माझ्या अनुभवात आळशी जास्त महाग पडतो. चहाच्या टपरीवर त्याला कुणीतरी सांगितलं, की त्या वॉर्डात गेलेल्या माणसाची सही कायमची बाद होते आणि शेत जवळच्या माणसाकडे येतं. त्यानं लगेच गिऱ्हाईक पाहिलं. पाडव्यापासून शेत वर्षाच्या ठोक्यानं, म्हणजे ठरीव रकमेवर कसायला द्यायचं, शेडनेटचे पाईप उपटून विकायचे. आत मिरची लाल होऊन लटकत होती; मी आणि बाईंकडे कामाला येणारी रेणुका ती तोडत होतो. बँकेत गेला, तर त्यांनी सांगितलं, खातेदाराची सही आणा. मग तो तालुक्याच्या दस्तलेखकाकडून मुखत्यारपत्र टाइप करून घेऊन आला. शेत, विहीर, बँकेचं खातं, सगळं दीपकच्या हातात. टपरीवाल्याचं खरं असतं तर सही कशाला लागली असती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी आणून दिलं नाही.

"माणिककाका, साक्षीदार पाहिजे. फक्त सही करायची. जान्यायेन्याचं मी पाहतो, नाश्ताबी माहा."

मी हो म्हणालो. मला तसंही बाईंना भेटायचं होतं. नाश्त्याला दोन प्लेट मिसळ घेतली.

बाई खाटेवर बसल्या होत्या. औषधांनी चेहरा सुजल्यासारखा, बोलणं सावकाश. शेजारी वॉर्डातल्या समाजसेविका निवेदिता मॅडम. बाईंनी पुतण्याकडे पाहिलंच नाही.

"माणिकभाऊ, तोडनी कोन करून राह्यलं?"

"मी अन् रेणुका."

"बिनधाग्याचं?"

"येगळ्या टोपल्यात."

"किती मिसळले?"

"एकबी नाही."

"खरं सांगा."

"एक टोपलं सांडलं. पुन्हा निवडलं."

"हं," बाई म्हणाल्या. म्हणजे शुद्धीवर होत्या.

दीपकनं स्टॅम्पपेपर काढला. "मोठीमाय, इथं सही कर. तुह्या डोक्याले ताप नको म्हनून मी सगळं पाहतो."

"वाच."

"कायद्याची भाषा हाय. तुले नाही समजनार."

"तुले समजते का?"

"मले बी नाही समजत."

"मंग मॅडम वाचतील."

मॅडमनी वाचलं. "मी, सत्यभामाबाई, हे मुखत्यारपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते की..."

"थांबा. ते मधलं पुन्हा."

"अक्कलहुशारीने."

बाई दीपककडे वळल्या. "हे कोनाची अक्कलहुशारी?"

"तुही."

"तुले मंजूर हाय? उद्या फिरशील."

"नाही फिरत ना, मोठीमाय."

"मंग पयले तू सही कर. माणिकभाऊ, तुमी साक्षीदार ना? तुमीबी करा."

दीपकनं खिशाला पेन होतं तरी माझं घेतलं आणि झटकन सही केली. मी सावकाश केली. बाईंनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि उशीखाली सरकवली.

"अन् तुही सही?" दीपक म्हणाला.

"करतो ना. पयले सांग, मले इथं आनलं तवा फारमावर काय लिहून देलं?"

"तुले काही समजत नाही म्हनून."

"अन् याच्यावर?"

दीपक उशीकडे पाहायला लागला.

"दोन्हीवर सही तुहीच हाय बे. कोनता कागद खोटा ते सांग, तो फाडतो."

मॅडमनी फाईल तोंडासमोर धरली. खाली ठेवली तेव्हा चेहरा सरळ होता. "दोन्ही खरे असू शकतात, दीपकराव. त्या दिवशी त्यांना समजत नव्हतं. आज डॉक्टरांनी तपासलंय, समजतंय. आजार झाला म्हणून शेत जात नाही, खातंही जात नाही. माणूस व्यवहार करू शकत नाही असं ठरवायचं तर ते कोर्टानं ठरवायचं. तुम्ही कोर्टात गेला होतात?"

"टपरीवर गेलता," मी म्हणालो.

"आणि उपचारांबद्दल त्यांच्या बाजूनं कोण बोलणार, हेही त्याच ठरवतात. साध्या कागदावर नाव लिहायचं, सही करायची. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात."

"स्टॅम्प नाही लागत?"

"नाही."

"मी पाचशेचा आनला," दीपक म्हणाला. मला त्याची पहिल्यांदा दया आली.

बाईंनी मॅडमच्या वहीतला कोरा कागद मागून घेतला. चौथीपर्यंत शिकल्यात. जीभ दाताखाली धरून लिहिलं. मला वाटलं, गावातल्या कुण्या मास्तरचं नाव असेल. कागदावर माझं नाव होतं.

"मी काऊन? मले कागदपत्रातलं काय समजते?"

"तुमी शिव्या देता, पन काम अर्धं सोडत नाही."

मी संमती लिहून दिली. मॅडमनी मला बजावलं, की हे उपचारापुरतं आहे. पैसा आणि जमीन बाईंचीच. तोडणीच्या मजुरीसाठी पैसे लागले तेव्हा बाईंनी बँकेला स्वतः पत्र लिहिलं, बाईंना व्यवहार समजतो असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि मी फक्त हमाली केली. पैसे आणून रेणुकाच्या हातात दिले, तिची सही घेतली, ती बाईंना दाखवली. बाईंनी सहीसुद्धा उजेडात धरून पाहिली.

पुढच्या गुरुवारी मी दोन एसट्या बदलून पुन्हा गेलो. बाई पिशवी भरून बसल्या होत्या.

"चला. आता झोप लागून राह्यली. मॅडम म्हनतात, डॉक्टर सोडत नसन तर वरच्या मंडळाकडे अर्ज करता येते. तुमी प्रतिनिधी ना? करा अर्ज."

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, किती दिवस आणि कशासाठी. औषध अंगी लागायला अजून सहा दिवस हवेत, आज गेल्या तर महिन्यात परत येतील, असं ते म्हणाले. मी मॅडमकडून अर्ज लिहून घेतला, तो बाईंसमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"अर्ज तयार हाय. हक्क तुमचा, मी आत्ता नेऊन देतो. पन एक इचारू?"

"इचारा."

"डॉक्टरनं ठरवलं किती दिस?"

"एकवीस."

"झाले किती?"

"पंधरा."

"मंग उरलेले सहा कोन काढन, झोप?"

बाईंनी अर्जाची घडी घातली. मग पेन बाजूला ठेवलं आणि पिशवी रिकामी करायला लागल्या. त्या सहा दिवसांत मला किती शिव्या पडल्या ते मॅडमनी मोजलं नाही. मला हिशेब बरोबर वाटला.

पाडव्याच्या चार दिवस आधी बाई घरी आल्या. आधी शेडनेटमध्ये गेल्या, मग घरात. पहिल्याच टोपल्यात हात घातला आणि एक मिरची वर काढली. बिनधाग्याची. नुसती माझ्यासमोर धरली. सगळी टोपली पुन्हा निवडली. मी, रेणुका आणि दीपक.

पाडव्याला ठोक्याचं गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं. बाईंनी पेढे ठेवून घेतले, गिऱ्हाईक परत पाठवलं आणि दीपकला बी काढायला बसवलं, रोजानं. लाल मिरचीचं बी काढताना हाताची आग रात्रभर जात नाही. दीपकनं नऊ दिवस काढलं. माल पास झाला.

बाई आता गोळ्या घेतात, महिन्याला दवाखान्यात जातात आणि झोप दोन रात्री हलली की मला सांगायचं, असं त्यांनीच ठरवलंय. स्टॅम्पपेपर त्यांच्या पेटीत आहे, घडी तशीच. दीपक दर हंगामाला बी काढायला येतो आणि जाताना विचारतो, "मोठीमाय, त्या कागदाचं काय?"

"करतो ना सही," बाई म्हणतात. "अक्कलहुशारीनं इचार करून राह्यले."