दोर किती ओला

आमची आत्या म्हणजे वस्तीची पंपवाली. सोलर पंपाच्या पेटीची किल्ली कायम तिच्या गळ्यात, आणि जीभ किल्लीपेक्षा धारदार. आम्ही आदिवासी बायकांनी गट करून पंप आणला तेव्हा पुरुष हसले होते. "आता या सूर्यालाही कामाला लावतील!" लावलंच की.

त्याआधी आम्ही घडे शेंदून उतारावरच्या मिरचीला पाणी घालायचो. खांदे भरून यायचे, पण विहिरीचं पाणी खाली गेलं की दोर जास्त सोडावा लागायचा आणि हातालाच कळायचं. पंप आला तसा दोर माळ्यावर गेला. ऊन फुकट. सकाळी पंप आपोआप सुरू, संध्याकाळी आपोआप बंद. विहिरीत वाकून बघतंय कोण!

यंदा आत्याला शंका आली. तिने दोराला दगड बांधून आत सोडला. वर आला तेव्हा टोक जेमतेम हातभर ओलं. प्यायच्या टाकीतही हाच पंप पाणी चढवतो. तिने त्याच दुपारी पंप बंद करून पेटीला कुलूप घातलं. "अर्धा दिवस पंप, अर्धा दिवस विहिरीला विसावा."

दुपारची पाळी तिच्या धाकट्या जावेची. शेत सगळ्यात वर, मिरची ऐन फुलात, घरात कमावणारी ती एकटी. "माझ्याच पाळीला बरी तुला विहिरीची दया आली!" जाऊ म्हणाली. आत्याने आपली सकाळची पाळी देऊ केली. "तुझे उपकार नकोत," म्हणून तिने पाठ फिरवली. मला दोघींचाही राग आला. एकीला बोलायचं कळत नाही, दुसरीला ऐकायचं.

दुसऱ्या दुपारी जावेने दगडाने कुलूप फोडलं. तिची मिरची पोटभर प्यायली. संध्याकाळी पोरांनी टाकीचा नळ सोडला तर गाळ आला.

बायका तावातावाने तिच्या अंगणात शिरल्या. "हिला गटातून काढा!" जाऊ चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. आत्या पुढे झाली. वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. आत्याने नव्या कुलपाची किल्ली आणि दोर तिच्या पुढ्यात ठेवला.

"उद्यापासून तू बघ. मी बंद केला की तुला वैर वाटतं."

सकाळी जावेने दोर सोडला. आम्ही सगळ्या काठावर वाकलेल्या. दोर वर आला. तिने ओलं टोक मुठीत धरलं, ते मुठीतच मावलं.

ऊन कडक पडलं होतं. आत्याने देऊ केलेली सकाळची पाळी घ्यायला आता तिला कुणी अडवणार नव्हतं. ती वरच्या शेताकडे बघत राहिली. डोळे पुसलेही नाहीत तिने.

"आज पंप लागणार नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठीसुद्धा." मग घडा उचलून ती पोरांच्या पाण्यासाठी लांबच्या झऱ्याकडे चालू लागली.