रस्त्याकडची खोली

रिसोरच्या बंदरावर पांढऱ्या लाकडी घरांची जी रांग आहे, तिच्यातलं शेवटून दुसरं घर गुनवोर हाउगलांडचं. नवरा, आर्नफिन, गेल्यापासून ती तिथे एकटी राहते. ‘एकटी’ हा शब्द कोणी कीव करून उच्चारला, की ती त्या माणसाला कॉफी न विचारताच वाटेला लावते. टपाल कचेरीच्या खिडकीमागे तिने उभा जन्म काढला. कचेरी बंद करून तिचा कारभार किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात हलवला, तेव्हा पाटी गळ्यात अडकवून भर थंडीत दारात उभी राहिलेली गावातली ती एकटीच. कचेरी वाचली नाही. पण किराणा दुकानदार आजही तिच्याशी जरा जपूनच बोलतो.

गेल्या हिवाळ्यात ती कचरा टाकायला बाहेर पडली आणि बर्फावर घसरली. उजवं मनगट मोडलं. यथावकाश प्लास्टर निघालं, पण लेकीच्या मनात बसलेली धास्ती काही निघेना. मेरेटे ही तिची एकुलती एक मुलगी. क्रिस्तियानसांदला विमा कंपनीत आहे. कोणावर कधी कोणतं संकट कोसळेल याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम, आणि ते ती घरीही आणते. आईचा हात गळ्यात होता आणि गोळ्यांच्या गुंगीत ती कशालाही ‘बरं, बरं’ म्हणत होती, त्या दिवसांत मेरेटेने तिच्या नावाने नगरपालिकेकडे अर्ज करून टाकला. शुश्रूषागृहाला लागून वृद्धांसाठी सदनिका आहेत, त्यांतली एक मिळावी म्हणून. उन्हाळा लागला तेव्हा कळलं, की ऑक्टोबरात एक रिकामी होते आहे.

मेरेटे ही बातमी घेऊन आली त्या रविवारी गुनवोर वाफल करत होती.

“सगळं एका मजल्यावर आहे, आई. उंबरा नाही. बाथरूममध्ये लाल दोरी आहे.”

“दोरी कशाला?”

“पडलीस तर ओढायला. ओढली की मदत येते.”

“पडले तर हात पोचेल का तिथवर?”

“आई, थट्टा नको ना.”

“थट्टा तू लावलीयस. वाफल घे, निवतंय.”

मेरेटेने वाफलवर तपकिरी चीजची चकती ठेवली आणि तशीच बसून राहिली. “तुला एकटीला आता झेपत नाही, एवढंच म्हणतेय मी.”

गुनवोरने साचा बंद केला. पुढचं वाक्य आपण बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही क्षणभर आधीपर्यंत ठाऊक नव्हतं.

“मी कोपनहेगनला जाते. एकटी. चार रात्री राहते. हॉटेल, बोट, सगळं माझं मी ठरवणार. तुला एकदा जरी मदतीसाठी हाक मारली, तर ऑक्टोबरात निमूट त्या दोरीवाल्या घरात जाईन. नाही मारली, तर तो अर्ज तू तुझ्या हाताने मागे घ्यायचा.”

“कोपनहेगन? या वयात?”

“शहराला माझ्या वयाशी काय करायचंय? ते माझ्याहून पुष्कळ म्हातारं आहे.”

मेरेटे हसून ‘चालेल’ म्हणाली. हॉटेल शोधतानाच आईचा जीव मेटाकुटीला येईल आणि विषय आपोआप मिटेल, असा तिचा हिशेब होता.

कोपनहेगनच का, हे गुनवोरने सांगितलं नाही. आर्नफिनला हॉटेल म्हणजे चोरांची टोळी वाटे. सगळ्या सुट्ट्या तंबूत, नाहीतर डोंगरातल्या झोपडीत गेल्या. मेरेटे लहान असताना ते कोपनहेगनला गेले तेही शहराबाहेरच्या मैदानात तंबू ठोकून. दिवसभर गल्ल्या, राजवाडे, चर्चचे मनोरे पाहायचे, आणि शहरात दिवे लागायला लागले, की शेवटच्या गाडीसाठी धावत सुटायचं. स्टेशनजवळच्या हॉटेलांच्या खिडक्या उजळलेल्या असत. एका खिडकीत एक बाई हातांवर हनुवटी टेकून, रस्त्याकडे पाहत निवांत उभी होती. तिला कुठलीही गाडी गाठायची नव्हती. गुनवोरच्या मनात ती बाई अजून तशीच उभी होती.

शेजारचा ओड्डवार कुंपणावरून डोकावला. हा निवृत्त बसचालक, आणि गावातल्या प्रत्येक बातमीचा शेवटचा थांबा.

“डेन्मार्कला चाललीस म्हणे? चारशे वर्षं आपल्यावर राज्य करून लुबाडलं त्यांनी आपल्याला. अजून पैसे नेऊन देतेस?”

“देत नाही, वसूल करायला जातेय.”

“आणि त्यांचं बोलणं कळणार कसं? तोंडात गरम बटाटा धरून बोलतात ते.”

“तुझं कुठे कळतं? तरी शेजारी नांदतेच आहे ना.”

हॉटेल शोधायला ती वाचनालयातल्या संगणकावर बसू लागली. फोटोंवर तिचा विश्वास नव्हता. फोटोत प्रत्येक उशी फुगलेली आणि प्रत्येक खिडकीत ऊन. ती थेट पाहुण्यांच्या तक्रारींकडे वळायची. तक्रार करणारा माणूस नकळत खरं सांगून जातो, हे तिला टपालाच्या खिडकीमागे कळलं होतं. ‘बाथरूम थेट व्हरांड्याच्या टोकाला!’ कोणीतरी चिडून लिहिलं होतं. तंबूच्या दिवसांत ते चिखल तुडवत मैदानाच्या टोकाला असे. ‘खोली इतकी लहान, की बॅग उघडायला जागा नाही.’ तिला बॅगेबरोबर नाच थोडाच करायचा होता? ‘न्याहारीला नुसते पाव, चीज आणि उकडलेली अंडी.’ मग न्याहारीला आणखी काय असतं? ज्या हॉटेलबद्दल लोक सगळ्यात जास्त कुरकुरले होते, ते स्टेशनमागचं, एका जुन्या धर्मसंस्थेने चालवलेलं हॉटेल तिने पक्कं केलं. दारू नाही, दूरदर्शन नाही, दर सगळ्यांत कमी.

तिने फोन लावला. पलीकडे बिर्टे नावाची बाई होती. तीच बुकिंग घेई, तीच किल्ल्या देई.

“अंगणाकडची खोली देऊ का? शांत असते. सगळे तीच मागतात.”

“नको. रस्त्याकडची द्या.”

“बाई, तिथे पहाटेपर्यंत गलका असतो.”

“शांतता माझ्या घरी ढीगभर आहे. तिच्यासाठी मी पैसे मोजणार नाही.”

मेरेटेला हे कळलं तेव्हा तिने बंदराकाठच्या मोठ्या हॉटेलचे फोटो पाठवले. भाडं आपण देऊ म्हणाली.

“मग ते तुझं हॉटेल झालं,” गुनवोर म्हणाली. “तू जा तिथे.”

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी ओस्लोहून रात्रभर आलेल्या बोटीतून ती उतरली. बॅगेत कपडे थोडे आणि इतर सामानच फार: कडक पाव, तपकिरी चीज, कॉफीचा थर्मास, पावाच्या चकत्यांमध्ये घालायचे मेणकागद, पुसायचं फडकं, दोन टॉवेल आणि चादरी-उशीच्या खोळींचे दोन जोड. मोबाईल बंद करून तिने सगळ्यांत तळाशी ठेवला. हाक मारायचीच नाही, तर तो चालू कशाला?

खोली खरोखरच लहान होती आणि खिडकी मात्र खोलीच्या मानाने बरीच मोठी. खाली सायकलींची रीघ, फळवाल्याच्या आरोळ्या, बसचे ब्रेक. गुनवोरने खिडकीत हात टेकले आणि बराच वेळ उभी राहिली.

मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं. त्यावर इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या होत्या. तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या गावी, तिच्या अख्ख्या देशात, स्वस्त मुक्काम म्हटला की चादरी घरून न्यायच्या, नाहीतर त्यांचे वेगळे पैसे पडतात. निघताना जमीन पुसायची, कचरा आपला आपण बाहेर टाकायचा. डोंगरातल्या झोपडीपासून समुद्रकाठच्या खोलीपर्यंत सगळीकडे हेच. ‘न विचारता गळ्यात मारतात आणि बिलात घालतात. पण मी बरी फसेन!’ ती मनात म्हणाली. तिने हॉटेलच्या चादरी अलगद काढल्या, घडीवर घडी घालून खुर्चीवर ठेवल्या आणि आपल्या घातल्या. सकाळी आपल्या काढून बॅगेत कोंबल्या, त्यांच्या पुन्हा होत्या तशा सुरकुतीही न पाडता ताणून घातल्या, बेसिन पुसलं, कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. न्याहारी सुरू होताच खाऊन बाहेर पडायची. बिर्टे कामावर येई तेव्हा गुनवोर कालव्याच्या काठी असे, आणि गुनवोर परते तेव्हा बिर्टे किल्ल्यांचं कपाट लावून घरी गेलेली असे.

गुरुवारी ती लवकर परतली. संध्याकाळी चर्चमध्ये गायन होतं आणि बूट बदलायचे होते. आत येते तो टेबलापाशी मेरेटे उभी. केस विस्कटलेले, डोळे लाल. बिर्टेच्या हातात फोन.

“आई!” मेरेटे जवळजवळ ओरडलीच. “होतीस कुठे तू?”

“राजवाड्यापाशी. तू इथे काय करतेयस?”

“दोन रात्री तू खोलीत झोपलीच नाहीस! फोन बंद! आम्ही आता पोलिसांना कळवणार होतो!”

“कोण म्हणतं झोपले नाही?”

बिर्टेने फोन खाली ठेवला. खोल्या आवरणाऱ्या बाईने तिला सकाळीच सांगितलं होतं. पलंगाला कोणी हात लावलेला नाही, टॉवेल कोरडे, कचऱ्याची पेटी रिकामी. किल्ली घेऊन गेलेली म्हातारी कुठे गडप झाली? आणि मेरेटेने सोमवारीच तिला गुपचूप बजावून ठेवलं होतं, की आईचं काहीही वेगळं दिसलं तर मला कळवा. बिर्टेने कळवलं. मेरेटे मिळालं ते विमान पकडून आली.

गुनवोरने चादरींचं सगळं सांगितलं. ती सांगत होती तसतसा बिर्टेचा चेहरा बदलत गेला आणि शेवटी ती टेबलाला धरून हसायला लागली.

“अहो बाई, चादरी भाड्यातच असतात! जगात सगळीकडे!”

“आमच्याकडे नसतात. तसं लिहून ठेवायला काय झालं होतं?”

मेरेटे मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. न विस्कटलेला पलंग पाहून बिर्टेला हे कळणं शक्य नव्हतं, पण आपल्याला फोनवर ऐकताक्षणी कळायला हवं होतं. लहानपणी सुट्टी संपली, की झोपडीची जमीन पुसायला आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसणारी तीच होती ना.

तरीही ती हार मानेना. “काही असो, मला यावं लागलं. म्हणजे पैज तू हरलीस.”

“तुला बोलावलं कोणी?”

“हॉटेलने.”

“मग दोरी हॉटेलला बांध. मी हाक मारली नाही.” गुनवोरने बूट काढायला सुरुवात केली. “आता मला उशीर होतोय. यायचं तर चल.”

त्या संध्याकाळी मेरेटे आईच्या मागून चालत होती. रस्ता ओलांडताना तिने गाड्यांकडे पाहिलं आणि सायकलवाटेकडे पाहायला विसरली. घंटीचा कर्कश आवाज झाला. एका हिसक्याने ती मागे ओढली गेली. सायकलवरचा माणूस शिव्या देत निघून गेला. मेरेटेच्या बाहीवर आईची पकड अजून होती. उजव्या हाताची. तेच मनगट.

“इथे आधी सायकली बघायच्या,” गुनवोर म्हणाली. “काल मीही शिकले.”

परत आल्यावर मेरेटेला खोली हवी होती. हॉटेल भरलेलं. बंदराकाठचं मोठं हॉटेलही भरलेलं. शहरात डॉक्टरांची कसलीशी परिषद होती. आज घरी न जाता थांबलेल्या बिर्टेने घडीची खाट काढून दिली आणि जरा घुटमळत म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. जादा खाटेला चादर मात्र वेगळी घ्यावी लागते. तिचे पैसे पडतात.”

 गुनवोरने बिर्टेकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि शांतपणे बॅगेतून दुसरा जोड काढला.

शुक्रवारी न्याहारीला पाव, चीज आणि उकडलेली अंडी होती. भिंतीवर फलक होता: खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत. त्याच्याच खाली बसून गुनवोर पावाला लोणी लावत होती, चीज ठेवत होती, मेणकागद घालत होती, आणि वर पुन्हा पाव.

“आई, फलक,” मेरेटे कुजबुजली.

“वाचला मी.”

“ती बिर्टे बघतेय.”

“बघू दे. दुपारी तुला विमानतळावर भूक लागणार, तेव्हा बिर्टे येणार आहे का?”

बिर्टे कॉफीचं भांडं घेऊन आली, पावाच्या थप्पीकडे पाहून थबकली. “बाई, याला आमच्याकडे चोरी म्हणतात.”

“आमच्याकडे याला चारशे वर्षांचं व्याज म्हणतात,” गुनवोर म्हणाली, आणि कागदाची घडी दुमडली.

बिर्टेने कॉफी ओतली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

“माझ्याबरोबर आज घरी चल,” मेरेटे म्हणाली. “तिकीट मी काढते.”

“माझी एक रात्र बाकी आहे.”

“आई…”

“रस्त्याकडची खोली आहे माझी. शनिवारपर्यंत.”

मेरेटेने कॉफी संपवली. रात्रभर रस्त्यावरच्या गलक्याने तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि शेजारच्या पलंगावर आई घोरत होती. तिने कपाच्या काठावरून आईकडे पाहिलं. आई दुसऱ्या डब्याची तयारी करत होती, तो बहुधा स्वतःसाठी. मेरेटेने फोन काढला आणि नगरपालिकेचा नंबर लावला. गुनवोरने सुरी खाली ठेवली, पण मान वर केली नाही.

“अर्ज मागे घ्यायचा आहे,” मेरेटे म्हणाली. “हाउगलांड, रिसोर. हो, ऑक्टोबरातली जागा. दुसऱ्या कोणाला द्या.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मेरेटे थांबली. तिच्यासमोर मेणकागदात बांधलेली पावाची पुडी सरकत आली होती.

“कारण?” ती म्हणाली. “कारण लिहा, आई घरी सापडत नाही.”