वाटीत भिजत घातलेल्या लेन्स

माझ्या सासरी, लातूरला, चष्म्याचा नंबर मार्कांसारखा सांगतात. जाऊबाईंच्या थोरल्याला मायनस पाच, धाकटीला मायनस चार. पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी ठेवता ठेवता हे आकडे कानावर घातले जातात, आणि पाहुणेही मान डोलावून म्हणतात, लई अभ्यास करायलीत लेकरं. त्या गल्लीत बिनचष्म्याचं पोर दिसलं, तर त्याला शिकवणी लावली नाही की काय, अशी शंका घेतात.

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. घराण्यात पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेला माणूस. त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, आणि उजवा डोळा गेलेला. तो चिमणीच्या उजेडात वाचून वाचून गेला, असं घरात सगळे सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही ते ऐकवलं होतं. अभिमानानं सांगायचे सगळे, आणि मला त्यात खोट काढायचं काही कारण नव्हतं.

कारण पुढं माझ्याच लेकीनं दिलं. नांदेडला, आम्ही राहतो तिथंच, दर खेपेला तिचे डोळे तपासायला डॉक्टरांकडे जायचो आणि दर खेपेला नंबर वाढलेला असायचा. फोनवर ऐकून जाऊबाई खूश व्हायच्या. डॉक्टर मात्र खूश नव्हत्या. त्यांनी कागदावर बुबुळासकट एक गोल काढला, मग तो मागच्या बाजूनं लांबवला. मुलीचा डोळा असा लांबत चाललाय, म्हणाल्या, म्हणून नंबर वाढतोय, आणि आतला पडदा ताणला जातोय. असं लांबणं कमी करण्यासाठी लहान मुलांना वेगळ्या लेन्स देतात. रोज सकाळी नव्या घालायच्या, संध्याकाळी काढून फेकायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. शिवाय रोज उन्हाउजेडात भरपूर खेळायचं. नंबर जाणार नाही, वाढायचा वेग कमी होईल, तोही प्रत्येकाचा सारखा नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. मी सासऱ्यांच्या डोळ्याबद्दल विचारलं. पडद्याचं ऑपरेशन झालं होतं का, असं त्यांनी उलट विचारलं. झालं होतं, सोलापूरला, उपयोग झाला नव्हता. मग तो चिमणीनं गेला नसणार, त्या म्हणाल्या. मोठ्या नंबरात पडदा सुटायची भीती जास्त असते.

मी तिथून बाहेर पडले ती चिडूनच. इतकी वर्षं आम्ही ज्याला ओवाळत होतो तो आजार होता.

लेन्स आणल्या, आणि लातूरहून फोन सुरू झाले. नऊ वर्षांच्या पोरीला नटी करायचीय काय. लेन्स डोळ्याच्या मागं जाऊन बसली म्हणजे? (जात नाही. मी विचारून घेतलं होतं.) नवरा घरात माझ्या बाजूनं, पण वडिलांचा फोन आला की तोंडाला कुलूप. पहिले काही दिवस लेक रडायची, पापण्या घट्ट मिटायची, लेन्स हनुवटीला चिकटायची. मी बिलोलीच्या शाळेत शिकवते, बस चुकली की दिवस गेला. एका सकाळी मी डबा भरत होते आणि ती दारात येऊन म्हणाली, मी घातल्या, तू जा. मी तिथंच तिला उचलून घेतलं, एवढी मोठी झालेली.

उन्हाळ्यात आम्ही लातूरला गेलो. जूनपासून लेकीला जाऊबाईंकडे ठेवायचं आणि पाचवीपासूनच मोठ्या शिकवणीला घालायचं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी कपाटाचा एक खणही रिकामा केला होता, आणि आम्ही पोचल्या पोचल्या जाऊबाईंनी तिचे कपडे त्यात लावले. लेन्सबिन्सचे लाड इथं चालायचे नाहीत, संध्याकाळचं हुंदडणंही नाही, हेही कळवण्यात आलं. मी कपडे तसेच राहू दिले आणि मनात भांडण रचायला घेतलं.

तोवर भांडायला पाणी पुरलं. टँकर दोन-चार दिवसांआड यायचा आणि लेक लेन्ससाठी सकाळ-संध्याकाळ साबणानं हात धुवायची. पिंपातलं पाणी कुणी संपवलं, याची चौकशी व्हायची. माझ्या आंघोळीतले दोन तांबे कमी धरा, असं मी जाऊबाईंना सांगून टाकलं आणि खरंच तेवढ्यात आंघोळ उरकू लागले.

मग एके सकाळी सासऱ्यांनी लेकीला हाक मारली. मी मागोमाग गेले. त्यांच्या खाटेशेजारी खिडकीत स्टीलची वाटी होती, वर बशी झाकलेली. त्यांनी बशी उचलली. आत पाण्यात लेकीनं फेकलेल्या लेन्स होत्या, मटकी भिजत घालावी तशा. पेन्सिलीचा तुकडा पेनाच्या टोपणात खोचून वापरणारा हा माणूस. रोज संध्याकाळी केरातून लेन्स वेचत होता, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवत होता.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, पोरीला त्याच पुन्हा घाल म्हणणार. मी तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि लेकीला विचारलं,

"ह्यातली एखादी माझ्या ह्या डोळ्यात बसल का गं?"

"आबा, शिळी लेन्स घालायची नसती," लेक म्हणाली.

"अन् ताजी घातली तर?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही मी गिळलं नाही.

"न्हाई, मामा," मी म्हणाले. "त्या डोळ्याला आता काही लागायचं न्हाई. पडदा सुटला तुमचा, नंबरानं. चिमणीनं न्हाई. तुम्ही लहान होता तवा ह्या लेन्स न्हवत्या. हिच्यासाठी हायत. म्हणून ही नांदेडला ऱ्हाणार, लेन्स घालणार अन् रोज बाहेर खेळणार."

त्या घरात चिमणीविरुद्ध बोललेली मी पहिलीच. स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज थांबला. सासऱ्यांनी पुन्हा चष्मा चढवला आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं. तिथं थोरला आणि धाकटी पुस्तकांत नाक घालून बसली होती, सकाळचा एवढा उजेड सोडून.

"मग ह्या दोघांचं कसं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरला दाखवा, मी म्हणाले. त्यांनी वाटीतलं पाणी खिडकीबाहेर ओतलं, भिंत धरत उठले, कपाटाचा खण उघडला आणि लेकीचे कपडे एकेक करून माझ्या पिशवीत भरले.

मामांनी परवानगी दिली म्हणून पोरगी नांदेडला राहिली, असं जाऊबाई आजही सगळ्यांना सांगतात. मी ती मागितली कुठं होती?