डोक्याचा गोटा, मिशी शाबूत

माझ्या डोक्यावर भांग पाडण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तरी आरशासमोर उभं राहून मिशीला कात्री लावताना ती घटना मला आजही आठवते आणि हात थांबतो. गुन्हा कागदावर तसा मोठा नव्हता. दरोडे, खून पाहिलेल्या माणसानं विसरून जावा असा. मला विसरता आला नाही.

तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना भीमेकाठच्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, घाटाखाली वेड्या बाभळीत एक माणूस पडलाय. संपल्याला हाय. दहाव्याला आल्याला दिसतोय, गोटा केल्याला हाय."

आम्ही गेलो. तिशीच्या आसपासचा तरुण. अर्धा पाण्यात, अर्धा झुडपात. चेहरा फुगलेला, अंगावर काट्यांचे ओरखडे. खिशात पाकीट नाही, मोबाईल नाही. घाट म्हणजे पंचक्रोशीतल्या दशक्रिया विधींची जागा. तिथं गोटा केलेला माणूस दिसला, की कुणाचा तरी बाप नाहीतर आई गेली, हे लहान पोरही सांगेल. जमलेल्या लोकांनी तर पूर्ण कथाच रचली. बाप गेल्याच्या दुःखात दोन दिवस पोटात काही नाही, भोवळ आली, गेला पाण्यात. कपाळावर एक फिकट जांभळट रेघ होती. पंचांपैकी एक म्हणाले, बुक्का असेल. मरणोत्तर पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. डोक्यावर टाचणी टोचल्यासारखे ठिपके होते, ते काट्यांचे धरले.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, व्हिसेरा राखून ठेवायला सांगितलं आणि बीट अंमलदारांना कामाला लावलं. ज्या ज्या घरात नुकतंच कुणी गेलं होतं, तिथं जाऊन विचारायचं, तुमचा माणूस बेपत्ता आहे का? सुतक चाललेल्या घरात जाऊन हे विचारणं किती अवघड असतं, ते विचारणाऱ्यालाच माहीत. माझ्या एका हवालदाराला तर बायकांनी शिव्या घालून अंगणातून हाकललं. सगळ्यांची माणसं जागच्या जागी होती. आमच्याकडे उरलं एक बेवारस प्रेत, आणि बेवारस प्रेत शीतगृहात फार काळ ठेवत नाहीत.

जिल्हाभर बिनतारी संदेश गेला होता. त्यावरून शिरूर तालुक्यातल्या ठाण्यानं पाठवलेला एक म्हातारा आला. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडच्या वस्तीवरचा. पूर्वी मेंढरं राखायचा, आता दोन एकरांत भाजी काढतो. डोक्याला लाल पटका घट्ट बांधलेला आणि ओठावर पांढरीशुभ्र, झुपकेदार मिशी. त्याचा एकुलता एक मुलगा शिक्रापूरला खोली घेऊन कंपनीत कामाला होता. सुट्टीला घरी आला नाही, फोन लागेना, म्हणून म्हाताऱ्यानं तिकडच्या ठाण्यात बेपत्ता असल्याची खबर दिली होती. मुलाचं लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतरची तारीख होती. मुलीकडचे लोक बोलायला लागले होते, की नवरदेव पळून गेला.

मी म्हणालो, "आबा, आधी फोटो बघा. मग आत जाऊ."

त्यांनी फोन हातात घेतला. डोकं दिसताच परत माझ्या हातात कोंबला.

"ह्यो माझा न्हाई."

"नीट बघा. चेहरा फुगलाय, एकदम ओळखू येणार नाही."

"काय नीट बघू? गोटा हाय त्याचा. मी जित्ता हाय, साहेब. त्याची आय जित्ती हाय. माझा पोरगा केस कशापायी काढंल?" आवाज चढला. "आईबाप जित्तं असताना असलं अभद्र दावू नका मला."

मी पुष्कळ समजावलं. आबा शवागाराच्या दारापर्यंतही आले नाहीत. जाताना मात्र हात जोडून म्हणाले, "ज्याचा कुणाचा आसंल, त्याला लवकर घावू द्या." खांदे हलके करून गेला म्हातारा. मुलगा पळून गेला असेल, बदनामी होईल, होऊ दे, पण जिवंत आहे, एवढं त्या गोट्यानं त्यांना दिलं होतं.

मला मात्र ते वाक्य सोडेना. बाप जिवंत असताना कोणी केस काढत नाही. बरोबर. मग मी फोनमधला फोटो परत उघडला आणि बघतच राहिलो. अरे, मिशी! त्या मृताच्या ओठावर बारीक कोरलेली काळी मिशी होती. माझे वडील गेले तेव्हा नाभिकानं डोक्याबरोबर माझी मिशीही उतरवली होती, आणि मी आठ-पंधरा दिवस आरशात बघायचं टाळलं होतं. ह्या पोराची मिशी शाबूत. शेंडीही ठेवलेली नव्हती. म्हणजे ह्याच्या घरात कुणी गेलेलंच नाही. म्हणजे ह्याचा बाप जिवंत असू शकतो.

म्हाताऱ्याचा तर्क पक्का होता. फक्त तो उलटा लागू होत होता. मी शिरूरकडची बेपत्ता नोंद पुन्हा वाचली. वर्णनात लिहिलं होतं, केस विरळ, कायम टोपी घालतो.

लगेच शिक्रापूरला माणूस पाठवायचं सोडून मी स्वतःच गेलो. हमरस्त्याच्या मागं चाळीसारख्या खोल्या आहेत, एकेका खोलीत तीन-चार कामगार. त्याचा खोलीतला जोडीदार उत्तर प्रदेशातला, रात्रपाळी करून झोपलेला. पोलीस म्हटल्यावर ताडकन उठला.

"साब, वो तो टोपी पहन के सोता था," तो म्हणाला. "हम लोग चिढ़ाते थे। बाद में बंद कर दिया। रोता था।"

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. कांद्याचा रस लावून झाला होता. शंभर तेलं झाली. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं केस जातात म्हणून विकतच्या पाण्यानं डोकं धुऊन झालं. कंपनीत हेल्मेट घालावं लागतं म्हणून खातं बदलून मागितलं. मुलगी बघायला गेला तो टोपी घालूनच. पसंती झाली आणि ह्याची झोप उडाली. लग्नात टोपी काढून फेटा बांधतील, चार लोकांत डोकं दिसेल.

"फिर एक दिन बोला, बाल लगवाने जा रहा हूँ, किसी को बोलना मत। घर पे बोल दूँगा कि मन्नत का मुंडन किया।"

"कुठं जाणार होता?"

"रोड पे ही है, साब। दुकान के ऊपर।"

मी मृताच्या हाताचा फोटो दाखवला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. जोडीदारानं बघितला आणि तोंड भिंतीकडं केलं. कंपनीतल्या गरम साच्याचा डाग होता तो. त्यानंच तेव्हा त्यावर मलम लावलं होतं.

छापा घालण्याआधी मी सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंना भेटलो. शवविच्छेदनाचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, हे काटे नाहीत, सुईच्या टोचण्या आहेत, ओळीनं आहेत. केशारोपणाआधी डोकं मशिननं भादरतात आणि अशी भूल देतात. ती जास्त झाली तर झटके येतात, हृदय बंद पडतं. म्हणून जवळ डॉक्टर आणि जीव वाचवायची साधनं लागतात.

मी माझी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाई, हे माझं टोपीमुळे झालं ना?"

"वडिलांचं डोकं कसं होतं?"

"असंच."

"मग टोपीला कशाला बोल लावता?" त्या हसल्या. म्हणाल्या, पुरुषांचं टक्कल बहुतेक वेळा घराण्यातून येतं, बापाकडून नाहीतर आजोळकडून. मोठा ताप येऊन गेला, थायरॉईड बिघडलं, अंगात रक्त कमी झालं, तरी केस गळतात, पण ते पुष्कळदा परत येतात. चाई पडून गोल चट्टे होतात ते वेगळं. खाऱ्या पाण्यानं केस राठ होऊन तुटतात, टक्कल त्यानं पडत नाही. लवकर आलात तर लावायचं औषध आहे, गोळी आहे, धीर धरावा लागतो. आरोपण म्हणजे मागचे केस उचलून पुढे लावणं. नवीन केस कोणी पेरत नाही.

"म्हणजे एका वाफ्यातलं रोप दुसऱ्या वाफ्यात," मी म्हणालो.

"तेच. आणि नीट दिसायला वर्ष जातं. दिवाळीनंतरचं लग्न गाठायचं कुणी कबूल केलं असेल, तर तो खोटं बोलला."

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात, दोन पंचांना भाऊबंद म्हणून सोबत घेऊन, मी त्या दुकानावरच्या जागेत गेलो. बाहेर कुण्या डॉक्टरची पाटी. आत पांढरा कोट घातलेला पस्तिशीचा गडी, गोड बोलणारा. मला खुर्चीत बसवलं, डोक्यावरून हात फिरवला.

"मामा, मागचं रान ब्येस हाय तुमचं. पुढंच नुसता माळ झालाय."

"काही होईल का ह्या वयात?"

"व्हतंय की! वय कुठं हाय तुमचं? सहा महिन्यांत मामी वळखायची न्हाई."

त्यानं पेन घेतला आणि माझ्या कपाळावर नव्या केसांची हद्द आखायला लागला. समोर आरसा होता. रेघ जांभळी होती. तीच रेघ, जिला आम्ही बुक्का म्हटलं होतं.

मी आरशातूनच विचारलं, "ह्याआधी ज्याच्या कपाळावर ही रेघ काढलीस, त्याला घाटावर का टाकलंस?"

पेन घसरला. रेघ थेट भुवईपर्यंत आली. मी पंचांना म्हणालो, "ही पुसू देऊ नका. आधी हिचा फोटो घ्या." जागेचा पंचनामा झाला. मशीन, भुलीच्या बाटल्या, पेन जप्त केले, कपाटामागं पडलेली एक टोपीही सापडली. कपाळावर रेघ घेऊनच मी ठाण्यात शिरलो. हसायची कुणाची छाती झाली नाही.

चौकशीत तो तासभर डॉक्टरचंच नाव घेत राहिला. डॉक्टर त्या जागेत कधी आलेच नव्हते, पाटी भाड्यानं लावलेली. हा पूर्वी शहरातल्या एका दवाखान्यात मदतनीस होता, बघून बघून शिकलेला. मी हात उगारला नाही. त्याच्यासमोर ती टोपी ठेवली आणि विचारलं, "काढताना काय म्हणाला तो?"

त्यानं टोपी हातात घेऊन उलटी केली. मग तो म्हणाला, "म्हणला, दार लावून घ्या."

त्यानंतर सगळं बाहेर आलं. भूल दिली, ती कमी वाटली म्हणून परत दिली. पोराला आकडी आली. ह्यानं तोंडावर पाणी मारलं.

"श्वास चालू होता?"

"व्हता. थोडा येळ व्हता."

"समोर दवाखाना आहे. रस्ता ओलांडला की."

"घाबारलो, साहेब. वाटलं, येईल शुद्धीवर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत राग गिळायला शिकलो होतो. त्या दिवशी उठून बाहेर गेलो, नळाखाली डोकं धरलं आणि मग परत येऊन बसलो. एक माणूस तडफडत होता, दवाखाना हाकेच्या अंतरावर होता आणि हा नालायक दार लावून वाट बघत बसला!

मेव्हण्याच्या गाडीतून दोघांनी प्रेत नेलं. मेव्हणा दौंडकडचाच. घाटाची अक्कल त्याची. गोटा केलेला माणूस घाटावर सापडला तर कोण काय विचारणार?

"आणि मिशी?" मी विचारलं.

"मिशीचं डोक्यातच आलं न्हाई, साहेब."

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, म्हणून पुरावा एकेक करून बांधला. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचं आणि मेव्हण्यासकट दोघांवर पुरावा नष्ट केल्याचं दोषारोपपत्र गेलं.

पण त्याआधी मला वस्तीवर जायचं होतं. हे काम मी हवालदारावर सोपवलं नाही. आबा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. माझ्याकडं बघून उठले नाहीत.

"आबा, त्या पोराला मिशी आहे," मी म्हणालो. "आईबापासाठी काढलेले नव्हते केस."

त्यांनी बांधलेली जुडी सोडली, पुन्हा बांधली. मी सगळं सांगितलं. घरातून आईचा हंबरडा आला. आबा एवढंच म्हणाले, "आम्हाला एका शब्दानं बोलला न्हाई."

ह्या प्रकरणानं मला शिकवलं ते हेच. ताप आला तर माणूस चार जणांना सांगून दवाखान्यात जातो. लाज वाटली की एकटा जातो, आणि जाऊन स्वतःच दार लावून घ्यायला सांगतो. अशा माणसाला गायब करणं फार सोपं असतं. नंतर ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक बेपत्ता माणसाच्या घरी मी विचारायचो, त्याला कशाची लाज वाटत होती? पुष्कळदा तपासाची गाठ तिथूनच सुटली.

दहाव्याला मी गेलो होतो, गणवेश न घालता. नदीकाठी भाऊबंद जमले होते. चुलत भावानं केस दिले. तो उठल्यावर आबा पुढं झाले आणि नाभिकासमोर बसले.

नाभिक गांगरला. "आबा, बापानं लेकासाठी द्यायची रीत न्हाई."

"माझ्या माघारी त्यानं द्यायचं व्हतं. त्यानं आधीच दिलं. आता मी देतो."

आबांनी पटका सोडला. इतकी वर्षं भावकीनंही ते डोकं उघडं पाहिलं नसावं. कपाळापासून मानेपर्यंत लख्ख टक्कल होतं, कानांमागं दोन-चार पांढरे केस. आबांनी डोक्यावरून हात फिरवला आणि गर्दीत मला शोधलं.

"ह्ये माझंच गेलं व्हतं त्याला, साहेब. पटक्याखाली झाकून ठिवलं मी. त्याला एकदा काढून दावलं आसतं, तर..."

नाभिक वस्तरा घेऊन तसाच बसला होता. काढायला काही नव्हतं.

मग आबांनी मान वर केली, डोळे मिटले आणि ओठावर बोट ठेवलं.

"मिशी हाय की," ते म्हणाले. "ती काढ."