कुंकवाची रेघ

माझे सासरे काशिनाथ म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. पुण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं गिअर कापले आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला आले. तीन महिन्यांत घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालून झालं, तेव्हा मीच त्यांना टेकडीवरच्या छोट्या रेल्वेत नेऊन सोडलं.

शंभर वर्षांपूर्वी खाणीतला दगड उतरवायला बांधलेली ही अरुंद रेल्वे आता हौशी स्वयंसेवक चालवतात. चढ इतका उभा, की साधी चाकं घसरतील. म्हणून दोन रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात दात रोवत वर चढतं आणि उतरताना गाडी धरून ठेवतं. त्या चाकाची तपासणी बाबांकडे आली आणि स्वारी ताठ चालायला लागली. "ऋचा, माझ्या सहीशिवाय गाडी हलत नाही," हे रोज जेवताना ऐकायचं.

गेल्या वर्षी मोसमाची पहिली फेरी नेमकी दसऱ्याला होती. तपासणी, सही, सगळं झालेलं. तरी आदल्या दिवशी बाबा कुंकू घेऊन निघाले.

"आता काय राहिलंय, बाबा?"

"खंडेनवमी आहे. यंत्राची पूजा नको?"

झेंडू कुठला मिळायला! बागेतले डॅफोडिल घेऊन मीही गेले. बाबांनी चाकाचा एकेक दात पुसून तेलात कालवलेलं कुंकू लावलं. एका दाताच्या मुळाशी ओघळ आला, तो त्यांनी फडक्याने टिपला. सगळं निघालं, केसाएवढी लाल रेघ तेवढी राहिली. पुन्हा पुसली. जाईना. तिथे तडा होता.

बाबांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. "मी सही केलीये, ऋचा."

उद्या पहिल्याच डब्यात आमची लेक इरा बसणार होती. मला त्यांचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू?

ते उठले आणि रेल्वेचा प्रमुख ग्रॅहम याच्यासमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. उद्या गाडी काढू नका."

ग्रॅहमने रेघ पाहिली आणि तपासणीची वही दुसऱ्याकडे दिली. नवं चाक येईपर्यंत गाडी बंद राहिली. बाबा वर्षभर तिथे जाऊन शेड झाडायचे. जेवताना सहीचं नावही नाही. ते मला बघवत नव्हतं.

यंदा नवरात्र बसलं आणि ग्रॅहमचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"काशी, ती लाल पूड घेऊन ये. प्रत्येक दाताला लाव. मग सही तूच कर."

बाबांनी देवघरातली कुंकवाची डबी उघडून पाहिली. मग म्हणाले, "ऋचा, घरातलं कुंकू संपलंय. इंडियन दुकान किती वाजता उघडतं गं?"